काम सोपवणं आणि काम ढकलणं

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. ती खोटी नाही. पानमळा लावणारा, किराणा दुकान मांडणारा किंवा दोन म्हशींवर दूधधंदा सुरू करणारा माणूस पहिली काही वर्षं आपल्याच हातांवर उभा राहतो. पण पुढे धंदा वाढतो आणि हात मात्र दोनच राहतात. तिथून ही म्हण मदतीला येण्याऐवजी आडवी येऊ लागते.

आमच्या निमगाव केतकीत आणि आसपासच्या बाजारगावांत असे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. गल्ल्याची किल्ली कायम कमरेला. लग्नाच्या पंगतीत बसले तरी फोनवरून भाव सांगणं चालूच. दुकानात चाळिशीतला मुलगा उभा असतो, पण कुणी एक पोतं उधार मागितलं की तो म्हणतो, ‘‘थांबा, आबांना विचारतो.’’ आणि एक दिवस आबा अंथरुणाला खिळतात. कुणाकडे किती येणं आहे, कोणत्या व्यापाऱ्याला काय शब्द दिलाय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. मग चालतं दुकान महिना-दोन महिन्यांत बसतं. लोक म्हणतात, पोरगं नालायक निघालं. पोरगं नालायक नसतं. त्याला वीस वर्षं हुकूम मिळाले, काम कधी मिळालंच नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्याच इंदापूर तालुक्यात आहे. कळंबच्या माळावर १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं. ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. पण हा माणूस एका कारखान्यात अडकून पडला नाही. १९१९ साली सिंधिया ही जहाज कंपनी, १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी, १९४४ साली मुंबईत मोटारींची कंपनी. शिवाय बांधकामाचा मोठा व्यवसाय होताच. आता विचार करा, जहाजाचा खिळा आणि उसाचं कांडं दोन्हीकडे एकाच माणसाने स्वतः लक्ष घालायचं ठरवलं असतं, तर यातलं काय उभं राहिलं असतं? सुरुवातीच्या काळात रेल्वेची नोकरी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांचे भागीदार होते. पुढे भाऊ, भागीदार आणि जाणते अधिकारी यांच्यावर एकेक काम सोपवलं, म्हणूनच पुढचं पाहायला त्यांना सवड मिळाली. वालचंद १९५३ साली गेले. वालचंदनगर राहिलं.

काम कुणाला द्यावं, हे शिकायला किर्लोस्करवाडीकडे पाहावं. १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था त्यांनी बंधू रामूअण्णांकडे दिली. यंत्रांची बाजू शंभुराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक कारागीर ठरले. रात्रीच्या पहाऱ्यासाठी तर लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसं नेमली. ज्यांच्यावर कुणीच भरवसा टाकला नव्हता, त्यांच्या हाती कुलपं दिली. म्हणजे माणसाचं प्रगतिपुस्तक न पाहता त्याच्या हाताला काय येतं ते पाहायचं आणि भरवसा आधी आपण टाकायचा.

आता राहिला प्रश्न, काम सोपवायचं कसं?

आमच्याकडच्या लग्नांत बिर्याणीची देग भटाऱ्याच्या ताब्यात असते. यजमान त्याला तीन गोष्टी सांगतो : माणसं किती, पंगत किती वाजता आणि तिखट कितपत. तांदूळ, मटण, मसाला, सरपण मोजून देतो. पुढे देगीच्या झाकणाला कणीक लावून दम दिला, की यजमानाने तिथून बाजूला व्हायचं असतं. जो दर पाच मिनिटांनी झाकण उचलून ‘झालं का?’ म्हणून बघतो, त्याची बिर्याणी कच्चीच राहते. वाफ तोच घालवतो आणि नाव भटाऱ्याचं खराब होतं.

धंद्याचंही असंच आहे. काय हवं, किती हवं, कधी हवं, हे स्पष्ट सांगावं; कसं करायचं ते करणाऱ्यावर सोडावं. त्याला लागणारं सामान, पैसा आणि अधिकार आधीच द्यावा. ‘जबाबदारी तुझी, सही माझी’ हा प्रकार म्हणजे हात बांधून विहिरीत पोहायला सोडणं. दहा हजारांपर्यंतचा निर्णय तू घे, त्यापुढे मला विचार, अशी मर्यादा घालून देता येते. पुढे ती वाढवत न्यावी.

पण सोपवणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. पानमळ्यात नव्या गड्याला पहिल्याच दिवशी अख्खा मळा खुडायला देत नाहीत. कोणतं पान तयार झालंय, कोणतं राखायचं, हे शेजारी उभं राहून दाखवतात, मग एक ओळ देतात, मग चार. पाहणी करायची ती ठरलेल्या वेळी. शनिवारी संध्याकाळी हिशेब बघेन असं सांगितलं असेल, तर बुधवारी वही ओढून घेऊ नये. चूक झाली तर चारचौघांत पाणउतारा न करता बाजूला घेऊन बोलावं; आणि काम फत्ते झालं तर करणाऱ्याचं नाव चारचौघांत घ्यावं. यश आपलं आणि अपयश त्याचं, अशी वाटणी करणारा मालक काम सोपवत नसतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवत असतो.

काही गोष्टी मात्र मालकाने स्वतःकडेच ठेवाव्यात. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द, कामगारांचा पगार वेळेवर होतो की नाही याची काळजी आणि धंदा कुठल्या वाटेने न्यायचा हा विचार.

आपण यात कुठे आहोत, हे ताडून पाहायला मोठी विद्या लागत नाही. कुणाला तरी किल्ली द्यावी, मर्यादा सांगाव्यात आणि चार दिवस फोन न करता गावाला जाऊन यावं. परत आल्यावर जिथे काम अडलेलं दिसेल, तिथे माणूस कमी पडला असं समजू नये. ते काम आपण अजून कुणाला शिकवलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिकवायला तिथूनच सुरुवात करावी.