मृदू पाण्यातील सामू : वनस्पती-मत्स्यालयाच्या अनुभवाचा मागोवा

लंडनमध्ये १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया एकाच टाकीत जगवून दाखवले, तेव्हा सामू मोजण्याचे मापच नव्हते. ते १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडले. पुढे १९३६ मध्ये निऑन टेट्राची शास्त्रीय नोंद झाली. अशा अॅमेझॉनच्या माशांसाठी मृदू, आम्लधर्मी पाणी हवे होते आणि हौशी मंडळी पीट किंवा आम्ल घालून सामूचा आकडा गाठू लागली. आकडा खाली येई, पण टिकत नसे.

कारण पाण्यातल्या, आम्ल निष्प्रभ करणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये होते. त्याचे माप म्हणजे केएच. मृदू पाण्यात ते एक-दोन अंशच असते. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना आम्ल तयार होते आणि हा तुटपुंजा साठा हळूहळू संपतो. तो संपला की सामू थेट सहाच्या खाली घसरतो, मग ते जिवाणूही मंदावतात.

१९८० च्या दशकात जर्मनीत झाडांना कार्बन डायऑक्साइड पुरवण्याची पद्धत रुळली. हा वायू सामू उतरवतो, म्हणून ठरावीक सामूला तो बंद करणारे नियंत्रकही आले. मृदू पाण्यात मात्र ते फसवे ठरतात. केएच घटल्याने सामू उतरला, तरी यंत्र त्याला जादा वायू समजते आणि झाडे उपाशी राहतात. केएच १ असताना लिटरला ३ मिलिग्रॅम वायू असेल तर सामू ७ येतो, ३० मिलिग्रॅमला ६. केएच ४ असेल तर हेच आकडे ७.६ आणि ६.६. वायूमुळे होणारी घसरण दोन्हीकडे सारखीच असते.

ही गोष्ट उमजायला फार काळ गेला. वायूमुळे दिवसरात्र होणारा चढउतार पाण्यातील क्षार बदलत नाही, म्हणून मासे तो सहसा सोसतात. वायूच अति झाला तर ते पृष्ठभागावर धापा टाकतात. जपानी मत्स्यालय-रचनाकार ताकाशी आमानो यांनी १९९० च्या दशकात जगभर पोचवलेल्या वनस्पती-मत्स्यालयाच्या मांडणीत मृदू पाणी अडचण राहिले नाही. नंतर आलेली दाणेदार माती केएच शोषून सामू खाली धरते, पण तिची ही ताकद कालांतराने सरते.

साध्या वाळूच्या टाकीत शंभर लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा केएच सुमारे एक अंशाने वाढवतो. तो विरघळवून, थोडाथोडा घालावा. बदलीचे पाणीही त्याच केएचचे असावे.