गुलामाचे घर

अमेरिकेतील गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चाबूक आणि साखळदंड येतात. ते खरेच आहे. पण वर्गात हा इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना आधी विचारतो : या माणसांना घर होते काय?

व्हर्जिनियातील माऊंट व्हर्नन हा जॉर्ज वॉशिंग्टनचा मळा घ्या. व्हर्जिनिया ब्रिटिश वसाहत असल्यापासून तिथे गुलाम राबत होते. १७९९ साली ते ३१७ होते. मळ्याचे पाच भाग होते. आठवड्याचे सहा दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. शेतात राबणाऱ्यांत बायकाच अधिक. शिधा म्हणजे मक्याचे पीठ आणि थोडी खारवलेली मासळी. स्वतःची चूल, भाजीचा वाफा आणि मूल, सारे मालकाच्या कामातून उरलेल्या वेळात सांभाळायचे.

त्या वर्षीच्या यादीत ९६ विवाहित गुलाम आहेत. त्यांतले जोडीदारासोबत राहणारे फक्त ३६. ३८ जणांचे जोडीदार मळ्याच्या दुसऱ्या भागात, तर २२ जणांचे परक्या मालकाकडे. कोणी कुठे राहावे हे मालकाची कामाची सोय ठरवीत होती. मग सुट्टीच्या रविवारी किंवा रात्री पायपीट करून भेटायचे. संसार होता, पण त्याला कायद्याची मान्यता नव्हती. उलट व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने आई गुलाम तर मूलही गुलाम ठरवले. बाप गोरा मालक असला तरी तेच. म्हणजे बाईची कूसही मालकाच्या मिळकतीत जमा!

शेतापेक्षा वाड्यातले गुलाम सुखी, असे सांगितले जाते. ओना जज ही मार्था वॉशिंग्टनची खास दासी. शिवणकामात तरबेज. आपल्याला मार्थाच्या नातीला देऊन टाकणार हे कळताच १७९६ मध्ये ती फिलाडेल्फियाहून पळाली. चांगले कपडे अंगावर होते, पण ते घालणारी बाई देण्याघेण्याची वस्तूच होती.

वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपल्या १२३ गुलामांची मुक्तता लिहून ठेवली. १ जानेवारी १८०१ ला मार्थाने त्यांना मुक्त केले. पण १५३ जण तिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. १८०२ मध्ये ती वारल्यावर ते तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. दोन्ही गटांत लग्ने झालेली होती. त्यामुळे कुठे नवरा मुक्त आणि बायको-मुले गुलाम अशी गत झाली. मालकाच्या उदारपणाने मिळणारी मुक्ती अशी घरे फोडत येते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. तो धागा आपला आहे. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. जुन्या कागदांत आमच्यासारख्यांची नोंद बहुधा कामापुरतीच सापडते. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच : मालकाची यादी वाचताना नावांची मोजदाद करून थांबू नका. कोणाची बायको कुठे होती, मूल कोणाचे ठरले, तेही शोधा.