१९५८ची पावती

जमीन महसुलाची एक जुनी पावती हाती असेल तर माणूस नागरिक, नसेल तर तोच माणूस परका. भूतानच्या दक्षिण भागातील नेपाळीभाषक शेतकऱ्यांच्या, म्हणजे ल्होत्शाम्पांच्या, वाट्याला नेमके हेच आले. निर्वासितांच्या मायदेशी परतण्याच्या हक्काविषयी बोलताना आपल्याला पॅलेस्टाइन आठवते. आपल्या सीमेला लागून घडलेले हे उदाहरण मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येते. या हक्काचे मर्म मला ज्या एका प्रकरणातून सर्वांत स्पष्टपणे उमगले, ते हेच.

ल्होत्शाम्पांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दक्षिण भूतानमध्ये येऊन वसले. जंगल तोडून त्यांनी शेती केली आणि सरकारला सारा भरला. १९५८च्या कायद्याने त्यांना नागरिकत्वाची वाट मोकळी झाली. पण १९८५च्या कायद्याने ही वाट अरुंद केली. ३१ डिसेंबर १९५८ रोजी वा त्यापूर्वी भूतानमध्ये कायम वास्तव्य होते, हे आता सिद्ध करावे लागणार होते. १९८८च्या जनगणनेत अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन लोकांची सात वर्गांत विभागणी केली. एका टोकाला ‘अस्सल भूतानी’, दुसऱ्या टोकाला ‘परकीय’. तीस वर्षांपूर्वीच्या त्या एका वर्षाची महसूल पावती मागितली जाई. मागच्या-पुढच्या वर्षाची चालत नसे, असे निर्वासितांनी वारंवार सांगितले आहे. सातबारा जपावा तशी ती जपणारे वाचले. पण एकाच घरात नवरा एका वर्गात आणि बायको दुसऱ्या वर्गात, असेही घडले.

राजाच्या सल्लागार मंडळातील टेकनाथ रिझाल यांनी १९८८मध्ये या गाऱ्हाण्यांचा अर्ज राजापुढे ठेवला. पुढे त्यांना सुमारे दहा वर्षे तुरुंगात काढावी लागली. १९८९मध्ये शाळांतून नेपाळी भाषा गेली आणि उत्तरेकडील पोशाख व शिष्टाचार सक्तीचे झाले. १९९०मध्ये निदर्शने झाली, त्यांच्या पाठोपाठ अटका आणि छळ. अनेकांकडून ‘मी स्वखुशीने देश सोडत आहे’ अशा अर्थाच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. भूतान आणि नेपाळ यांची सीमा कोठेही भिडत नाही. मध्ये भारताचा पट्टा आहे. तो ओलांडून हे लोक नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांत पोचले. तेथील सात छावण्यांत पुढे एक लाखाहून अधिक माणसे राहिली.

त्या सह्यांचा उपयोग पुढे झाला. भूतान-नेपाळ बोलण्यांच्या अनेक फेऱ्यांनंतर २००१मध्ये खुदुनाबारी या एका छावणीत संयुक्त पडताळणी झाली. २००३मध्ये निकाल लागला. शेकडा सुमारे अडीच लोक सक्तीने हाकललेले खरे भूतानी ठरले आणि शेकडा सुमारे सत्तर ‘स्वेच्छेने गेलेले’. उरलेल्यांत काही परकीय ठरले, तर काही गुन्हेगार. ‘स्वेच्छेने गेलेल्यां’ना नागरिकत्वासाठी नव्याने अर्ज करावा लागणार होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या अटी सांगायला आलेल्या भूतानी अधिकाऱ्यांवर छावणीत हल्ला झाला. पडताळणी थांबली ती थांबलीच.

येथे कायद्याचा मुद्दा नीट पाहिला पाहिजे. मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्याचे तेरावे कलम प्रत्येकाला ‘स्वतःच्या देशात’ परतण्याचा हक्क देते. त्यात ‘नागरिकत्व असलेल्या देशात’ असे म्हटलेले नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारातही ‘स्वतःचा देश’ हीच शब्दयोजना आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९९मध्ये तिचा अर्थ स्पष्ट केला. आंतरराष्ट्रीय कायदा मोडून ज्यांचे नागरिकत्व काढून घेतले, त्यांचाही तो देश ‘स्वतःचा’च राहतो. भूतानने हा करार स्वीकारलेला नाही, हे खरे. पण तत्त्व त्यामुळे लंगडे पडत नाही. आधी कागद काढून घ्यायचा आणि मग ‘कागद नाही’ म्हणून दार लावायचे, ही पळवाट मान्य केली, तर परतीचा हक्क कोणालाच उरणार नाही.

२००८पासून छावण्यांतील लोक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा आठ देशांत वसवले गेले. एक लाख तेरा हजारांहून अधिक लोक गेले, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत. हे पुनर्वसन यशस्वी मानले जाते, आणि मुलांना शाळा व तरुणांना काम मिळाले हे कोण नाकारील? पण त्यामुळे प्रश्न मिटला असे मानणे मला मान्य नाही. दुसऱ्याने आसरा दिला म्हणून घर हिसकावणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. काही हजार लोक अजून नेपाळमध्येच आहेत. त्यांत परतीची आस न सोडलेले वृद्धही आहेत.

प्रश्न मिटलेला नाही, याचा पुरावा २०२५मध्ये मिळाला. अमेरिकेने या समाजातील काही जणांना, प्रामुख्याने गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना, भूतानला परत पाठवले. भूतानने त्यांना ठेवून घेतले नाही. भारताच्या सीमेवर आणून सोडले. त्यांतले काही नेपाळमध्ये पोचले, तर तेथे बेकायदा प्रवेशाबद्दल पकडले गेले. जन्मभूमी, आश्रयभूमी आणि दुसरी आश्रयभूमी, तिन्हींकडे त्यांना जागा नव्हती.

परतीच्या हक्काला पाठिंबा म्हणजे सगळ्यांनी परत जावे असा आग्रह नव्हे. पेनसिल्व्हेनियात वाढलेली नात कदाचित कधीच परत जाणार नाही. पण जायचे की नाही, हे तिने ठरवावे. १९५८च्या पावतीने नव्हे. भूतानशी सर्वांत जवळचे संबंध असलेल्या आणि ज्याच्या भूमीवरून हे लोक गेले त्या भारताने ‘हा त्या दोघांचा प्रश्न’ एवढेच म्हणून थांबू नये, असे मला वाटते.