आराखड्याचे स्थित्यंतर आणि त्याचा इतिहास

डेटाबेसचा उपयोग आता पेढ्या व कचेऱ्या यांपुरता उरलेला नाही. कोशरचना, बोलींची पाहणी, हस्तलिखितांची सूची ही कामेही त्याच्या आधारे चालतात. अशा संग्रहात कोष्टके कोणती, प्रत्येकातील रकाने कोणते व त्यांचे परस्परसंबंध कोणते, हे ठरविणारा आराखडा कामाच्या ओघात वारंवार बदलतो. साठविलेली माहिती न गमावता जुन्या आराखड्याचे रूपांतर नव्या आराखड्यात करणे, ह्या क्रियेस येथे ‘स्थित्यंतर’ ही संज्ञा योजिली आहे. हे काम यंत्राकडे कितपत सोपविता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

कोष्टकरूप संग्रहाची उपपत्ती ई. एफ्. कॉड यांनी १९७० साली मांडली. पुढे रूढ झालेल्या एसक्यूएल ह्या भाषेत आराखडा बदलण्याच्या आज्ञा आहेत. त्या हाताने लिहून चालविल्या की स्थित्यंतर घडते. परंतु आजच्या बहुतेक आज्ञावलींत कोष्टकाचे वर्णन ‘मॉडेल’ ह्या रूपानेही केलेले असते. एकाच वस्तूची अशी दोन वर्णने झाली की त्यांत तफावत पडू लागते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जँगो’ ह्या पायथन भाषेतील प्रणालीत आरंभी हीच अडचण होती. तिची ‘सिंकडीबी’ ही आज्ञा नसलेली कोष्टके निर्माण करी. असलेल्या कोष्टकांना मात्र हात लावीत नसे. अँड्र्यू गॉडविन यांच्या ‘साउथ’ ह्या साधनाने २००८ पासून ही उणीव भरून काढली. २०१४ साली जँगोच्या १.७ ह्या आवृत्तीत गॉडविन यांनीच नव्याने रचलेली स्थित्यंतरव्यवस्था अंतर्भूत झाली.

ह्या व्यवस्थेचे दोन टप्पे आहेत. ‘मेकमायग्रेशन्स’ ही आज्ञा स्थित्यंतराचा लेख तयार करते आणि ‘मायग्रेट’ ही आज्ञा तो लेख प्रत्यक्ष डेटाबेसवर अमलात आणून त्याची नोंद एका स्वतंत्र कोष्टकात ठेवते. पहिली आज्ञा मॉडेलची तुलना डेटाबेसमधील कोष्टकांशी करीत असावी, असा समज सहज होतो. पण तो खरा नाही. ती पूर्वीचे सर्व लेख क्रमाने वाचून शेवटची नोंदलेली स्थिती मनातल्या मनात उभी करावी तशी स्मृतीत उभी करते, आणि त्या स्थितीशी आजच्या मॉडेलची तुलना करून फरक लिहून काढते. म्हणजे येथे इतिहासाची तुलना वर्तमानाशी होते.

खरा प्रश्न फरकाच्या अर्थाचा आहे. एका बोलीकोशात ‘अर्थ’ नावाचा रकाना आहे व त्यात चाळीस हजार नोंदी आहेत, असे समजू. संपादकाने मॉडेलमध्ये त्याचे नाव बदलून ‘विवरण’ असे केले. यंत्राला दिसते ते एवढेच की ‘अर्थ’ नाहीसा झाला आणि ‘विवरण’ उपस्थित झाले. हे नामांतर असेल, किंवा एक रकाना काढून दुसरा घातलेला असेल. पहिल्या अर्थाने नोंदी सुरक्षित राहतात. दुसऱ्या अर्थाने त्या सर्व नष्ट होतात. अंतिम आराखडा मात्र दोन्ही प्रकारे एकच.

भाषेच्या अभ्यासकास ही अडचण परिचित आहे. संस्कृतातील ‘हस्त’ व मराठीतील ‘हात’, तसेच ‘अश्व’ व ‘घोडा’, ह्या जोड्या केवळ दोन याद्या समोर ठेवून पाहिल्यास सारख्याच दिसतात: एक शब्द गेला, दुसरा आला. वस्तुतः पहिल्या जोडीत एकाच शब्दाचे रूपांतर आहे. दुसरीत एका शब्दाच्या जागी दुसरा आलेला आहे. हा निर्णय प्राकृतातील ‘हत्थ’ ह्यासारख्या मधल्या रूपाच्या साक्षीने होतो. दोन अवस्थांचे वर्णन म्हणजे त्यांमधील परिवर्तनाचा इतिहास नव्हे.

म्हणूनच, काढलेल्या आणि घातलेल्या रकान्यांची घडण तंतोतंत जुळत असेल तर जँगो माणसाला विचारतो: हे नामांतर आहे काय? उत्तर न दिल्यास ‘नाही’ असे धरले जाते. नावाबरोबर रकान्याचा प्रकारही बदललेला असल्यास तो प्रश्न विचारीतच नाही. काढणे व घालणे अशा दोन क्रिया लिहून मोकळा होतो. असे स्थित्यंतर उलटविले तरी रकाना परत येतो, त्यातील नोंदी येत नाहीत. ‘नाव’ हा रकाना फोडून ‘नाव’ व ‘आडनाव’ असे दोन करणे ह्यासारखे बदल तर तुलनेच्या आवाक्याबाहेरच असतात. नोंदी कशा वाटावयाच्या, ते माणसानेच लेखात घालावे लागते.

शिवाय, लेख मध्येच अडखळला तर पोस्टग्रेएसक्यूएल आधीची पावले मागे घेऊ शकते. मायएसक्यूएलमध्ये आराखडा बदलणारे प्रत्येक विधान तत्काळ कायम होते आणि स्थित्यंतर अर्धवट राहू शकते.

तात्पर्य, यंत्र स्थित्यंतराचा मसुदा लिहिते, त्याचा अर्थ ठरवीत नाही. तो मसुदा अमलात आणण्यापूर्वी वाचणे, आणि वाचून दुरुस्त झालेला लेख आज्ञावलीबरोबरच जतन करणे, हे संपादकाचे कर्तव्य ठरते. पुढील प्रत्येक तुलना त्याच लेखावर उभी राहावयाची असते.