कुंडीतला टोमॅटो

संगमनेर-अकोल्याच्या मळ्यांत तारकाठीवर चढणारा टोमॅटो कुंडीत लावणे म्हणजे उंट माजघरात बांधणे होय. घरी ठेंगणा वाणच हवा. १९१४ साली फ्लॉरिडात शेंड्याला फुलोरा येऊन वाढ आपोआप थांबणारे झाड आढळले. पुष्कळ ठेंगण्या वाणांत तोच गुण उतरला आहे. 'पुसा अर्ली ड्वार्फ'ला फूटभर रुंद-खोल कुंडी द्यावी. टांगत्या टोपलीला मात्र लोंबणारा चेरी टोमॅटोच शोभतो. टोपली चहूबाजूंनी वाळते. नगरच्या कोरड्या हवेत तिला दोनदा पाणी लागते. पाण्यात खाडा पडला की फळाला चुन्याचा अंश पोचत नाही व बूड काळे पडते. लोक उगाच औषधे फवारतात! रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावावीत. वैशाखात फूल येते, पण उन्हाने फळ न धरताच गळते.