पावसात लॉन पिवळं का पडतं? उत्तर गोल्फच्या मैदानाखाली आहे

शेतात हरळी दिसली की परभणीचा शेतकरी कपाळाला हात लावतो. गणपतीत तिच्याच दूर्वा होतात. आणि उष्ण देशांमधली अनेक गोल्फची मैदानं याच गवताच्या जातींवर उभी आहेत. तिकडे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात.

मग नांगरूनही न मरणारी हरळी पावसाळ्यात लॉनवर, मैदानावर पिवळी का पडते?

कारणं तीन

एक, माती. आपली काळी माती ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळत नाही. त्यात लॉन सतत तुडवलं, कापलं जातं.

दोन, ऊन. हरळीला भरपूर ऊन लागतं, पण आभाळ दिवसेंदिवस भरलेलं.

तीन, बुरशी. उबदार रात्री, दमट हवा आणि तासन्‌तास ओली पाती तिला मानवतात.

गोल्फवाले काय करतात?

होलभोवतीच्या गुळगुळीत भागाला 'ग्रीन' म्हणतात. प्रचलित अमेरिकन पद्धतीत त्याच्या तळाशी पाइप, वर खडी आणि त्यावर सुमारे ३० सेंटीमीटर वाळूचा थर असतो. म्हणजे गवत लावण्याआधीच पाण्याची वाट ठरलेली. सकाळी लांब काठी किंवा दोर फिरवून पात्यांवरचं दवही झटकतात.

आपण काय करायचं?

• पाणी साचतं तिथे आधी चर काढा.
• माती ओली असताना त्यावर चालू नका, मशिन फिरवू नका. वाफसा आला की भोकं पाडून त्यात जाडसर वाळू भरा.
• एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. ब्लेडला धार हवी.
• पिवळं दिसलं की लगेच युरिया टाकू नका. साचलेल्या पाण्यात नत्र वाया जातं आणि लुसलुशीत पात्यावर बुरशी लवकर येते.
• रोग नेमका कोणता, हे तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय फवारणी नको.

हे फक्त लॉनपुरतं नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी, म्हणजेच बीबीएफ पद्धत सुचवतं, त्यामागेही हाच विचार आहे. पीक वरंब्यावर, जास्तीचं पाणी सरीतून बाहेर. खेळाचं मैदान असो की सोयाबीनचं रान, पावसाळ्यात खताच्या आधी पाण्याच्या वाटेचा विचार करा.