गेलेली शक्ति पुन्हा कशी येते

मार्च १९६२ मध्यें ब्रिजटाउन येथील सामन्यांत चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळून कवटी फुटली. ते कित्येक दिवस बेशुद्ध होते. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीं त्यांस रक्त दिलें. कसोटी सामना त्यांस पुन्हा खेळावयास मिळाला नाहीं. तथापि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ते पुनश्च फलंदाजी करूं लागले. कवटी सांधणें हें शस्त्रवैद्याचें काम. मेंदूच्या इजेनें गेलेली शक्ति परत मिळविणें हें निराळें काम असून, तें बरेंचसें रुग्णाकडे व घरच्यांकडे येतें.

मेलेली मेंदूपेशी पुन्हा जिवंत होत नाहीं. मग लुळा हात उठतो कसा? प्रथम सूज उतरल्यानें कांहीं शक्ति आपोआप परतते. त्यापुढें सर्व शिकणेंच. एकच कृति वारंवार केली असतां शाबूत पेशींमधील दुवे बळकट होतात, नवे जुळतात, आणि नष्ट भागाचें काम कांहीं अंशीं दुसरा भाग पत्करतो. रंकाळ्याकडील नेहमींचा रस्ता बंद झाला तर आपण बोळांतून वाट काढतों. पहिल्या दिवशीं चुकतों, महिन्याभरानें पाय आपोआप वळतात. पहिल्या कांहीं महिन्यांत सुधारणा वेगानें होते. पुढें ती मंदावते, पण थांबतेच असें नाहीं. मेंदूच्या डाव्या बाजूच्या इजेनें उजवें अंग दुबळें होतें व पुष्कळदां वाचाही जाते. नवल असें कीं, ज्यास ‘पाणी’ म्हणतां येत नाहीं तो कधीं कधीं पाठ असलेलें भजन सुरांत म्हणतो!

घरांतील मुलांनीं हेंही जाणावें कीं, अशा इजेनंतर वडील विसरूं वा एकाएकीं चिडूं लागले, तर तो बहुधा इजेचा परिणाम असतो, मुलांचा अपराध नव्हे.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ मोटारसायकलवरून पडले. पत्नी त्यांस घास भरवी, गुंड्या लावून देई. उजवा हात थोडाफार हलत असूनही ते सर्व डाव्यानें उरकूं लागले, आणि न वापरलेला हात अधिकच निकामी होत गेला. (मायेनेंही अपाय होतो, हें मला तेथें प्रथम उमगलें.) अशा कांहीं रुग्णांच्या चांगल्या हातास मोजा घालून तो रोज कांहीं तास अडकवून ठेवतात, म्हणजे दुबळ्या हातास काम करावेंच लागतें. मात्र हें तज्ज्ञाच्या देखरेखीखालींच करावयाचें.

जेवणें, कपडे करणें, केर काढणें हींच औषधें, ही दृष्टि आपल्याकडे रुजविण्याचें मोठें श्रेय कमलाबाई निंबकर यांस आहे. जन्मानें अमेरिकन असलेल्या या बाई लग्नानें निंबकर झाल्या. १९५० सालीं त्यांनीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराची शाळा काढली. भारतांतील ही पहिली. येथें व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, माणसाचीं नित्याचीं कामें.

त्या गृहस्थांस सदऱ्याच्या खालच्या चार गुंड्या आतां उजव्या हातानें लावतां येतात. गळ्याजवळची अद्याप लागत नाहीं. सकाळीं त्यांस वीस मिनिटें लागतात, आणि तोंवर पत्नी स्वयंपाकघरांतून बाहेर येत नाहीं.